पिंगुळीची चित्रकथी : जतन पोथीचे की चित्रांचे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळपासून अगदी जवळ पिंगुळी हे गाव आहे आणि त्या गावात गुढीपूर नावाची ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, पांगुळ बैल, राधानाच अशा अनेक कला या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. प्रस्तुत प्रकरणात त्यांपैकी केवळ चित्रकथीचा विचार केला आहे, आणि तोही एका मर्यादित प्रश्नापुरता : रंगवलेली पाने, ती दाखवत सांगितली जाणारी कथा आणि कथेला साथ करणारे वाद्य या तिघांची मिळून जी कला बनते, ती संग्रहालयात जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे महाराष्ट्रात दोन ठिकाणी प्रत्यक्ष उभी आहेत, एक पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि दुसरे खुद्द पिंगुळीत. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत, असे माझे मत आहे.

कलेचे स्वरूप

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात येतो, म्हणजे ही परंपरा किमान नऊशे वर्षांची आहे असे म्हणता येते. पुणे जिल्ह्याच्या ब्रिटिशकालीन गॅझेटिअरातही चित्रकथी नावाच्या जमातीची नोंद आहे. याचा अर्थ ही कला केवळ कोकणाची नव्हती. देशावरही चित्रे घेऊन गावोगाव फिरणारे लोक होते, परंतु तेथे ती हळूहळू नाहीशी झाली आणि पिंगुळीत टिकली. टिकण्यामागे सावंतवाडीच्या सावंत-भोसले घराण्याचा आश्रय हे महत्त्वाचे कारण सांगितले जाते. कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावच्या देवळात कथा लावायची हे परंपरेने ठरलेले असे, त्यामुळे कलावंताला वर्षाकाठी निश्चित काम आणि निश्चित मानधान्य मिळत असे. हा हक्क होता आणि ती जबाबदारीही होती. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, जमिनीचे आणि देवस्थानांचे व्यवहार बदलले, पुढे सिनेमा आणि दूरदर्शन आले, आणि रात्रभर देवळात बसून चित्रांतून रामायण ऐकणारा श्रोता विरळ होत गेला.

या कलेत एका आख्यानाच्या सर्व चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. पोथी म्हणजे बांधीव पुस्तक नव्हे. ती सुट्या पानांची चवड असते आणि एका पोथीत साधारणतः तीस ते पन्नास चित्रे असतात. पान सुमारे तीस सेंटिमीटर बाय चाळीस सेंटिमीटर आकाराचे असते आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी पान लाकडी फळीला टेकवून उभे करतो, त्यावरील प्रसंग गाऊन आणि बोलून सांगतो, आणि प्रसंग संपला की तेच पान उलटतो. मागच्या बाजूला पुढचा प्रसंग तयार असतो. आरंभी गणपती आणि शारदा यांची चित्रे येतात, मग आख्यान सुरू होते. मुख्य कथेकऱ्याच्या हाती वीणा असते, एक साथीदार हुडुक हे छोटे चर्मवाद्य वाजवतो आणि दुसरा टाळ धरतो व पालुपद उचलतो. विषय रामायण-महाभारतातील असले तरी ते आपल्याला शाळेत शिकवलेल्या क्रमाने येतीलच असे नाही. महीरावण, इंद्रजित, बभ्रुवाहन ही मंडळी या परंपरेत राम-लक्ष्मणांइतकीच भारदस्त आहेत.

एखादे पान जवळून पाहिले की त्याची रचना प्रयोगाच्या गरजेतून आलेली आहे हे चटकन ध्यानात येते. चेहरे बहुतेक एका बाजूने दाखवलेले असतात, डोळे मात्र अवाढव्य आणि पूर्ण उघडे असतात. माणसांच्या बाह्यरेषा जाड असतात. पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी असते. झाड असलेच तर ते एका ठाशीव आकृतीसारखे उभे असते. समईच्या किंवा पलित्याच्या उजेडात, दहा-पंधरा हातांवर बसलेल्या माणसाला कोण कोणाशी लढतो आहे हे कळावे, यासाठी हे सर्व केलेले असते. दोन योद्धे समोरासमोर उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये बाणांची दाट जाळी आहे, अशा चित्रात कलावंताने युद्धाचा निकाल दाखवलेलाच नसतो, कारण निकाल सांगण्याचे काम आवाजाचे आहे आणि तो पान उलटल्यावर दिसायचा आहे. चित्र हेतुपुरस्सर अर्धे ठेवलेले असते. ज्यांनी ही चित्रे केवळ काचेआड पाहिली आहेत त्यांना ती काहीशी ताठर आणि एकसुरी वाटतात. तो दोष चित्रकाराचा नाही, पाहण्याच्या पद्धतीचा आहे.

पुण्यातील उत्तर

दिनकर गंगाधर केळकर (1896–1990), म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला. अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये, दरवाजे, वस्त्रे, बाहुल्या अशा रोजच्या वापरातील वस्तूंचे मोल ज्या काळी कोणालाच वाटत नव्हते, त्या काळी पत्नी कमलाबाई यांच्या साथीने त्यांनी हे काम केले आणि 1960 पर्यंत सुमारे 15,000 वस्तू गोळा झाल्या. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले गेले आणि पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द झाला. आज तेथे 20,000 हून अधिक वस्तू आहेत आणि त्यांपैकी सुमारे 2,500 एका वेळी मांडलेल्या असतात. चित्रकथी परंपरेतील चित्रांचा महत्त्वाचा संग्रह याच संग्रहालयात आहे.

केळकरांनी ही चित्रे जमवली नसती तर त्यांतील बरीचशी वाळवीने खाल्ली असती किंवा रद्दीत गेली असती, ही गोष्ट टीका करण्यापूर्वी मान्य करायला हवी. एका माणसाने पदरमोड करून, गावोगाव हिंडून केलेल्या कामाला आजच्या संग्रहालयशास्त्राच्या नोंदवहीचे निकष लावणे अन्यायाचे ठरेल. तरीही त्या काळच्या संग्रहपद्धतीचे परिणाम आज आपल्यासमोर आहेत आणि ते नोंदवले पाहिजेत.

पहिला परिणाम नावाचा. या प्रकारची चित्रे पैठण परिसरातून मिळाली म्हणून त्यांना 'पैठणची चित्रे' असे नाव पडले आणि ते देशी-परदेशी अभ्यासकांच्या लेखनात रूढ झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिंगुळीच्या कुटुंबांकडील पोथ्या बाहेरच्या जगाला ठाऊक झाल्या, तेव्हा वस्तू जेथे हाती लागली ते ठिकाण आणि ती जेथे घडली व वापरली गेली ते ठिकाण यांत फरक असू शकतो, हे नव्याने लक्षात आले. संग्रहालयाच्या नोंदवहीत 'कोठून मिळाले' असा एकच रकाना असला की असे घडते. कोणी काढले, कोणी वापरले, कोणत्या देवळात वापरले आणि कोणाकडून कोणाकडे गेले हे चार रकाने त्या वेळी असते, तर ही चित्रे पैठणची की पिंगुळीची हा पुढचा वाद उद्भवलाच नसता.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. चित्रे महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील संग्रहांत गेली ती पुष्कळदा सुटी गेली. सुटे पान कथेचा क्रम हरवते. शिवाय पान दुतर्फा असल्यामुळे ते चौकटीत बसवले की निम्मी कथा भिंतीकडे तोंड करून बसते. पाहणाऱ्याला समोर एक प्रसंग दिसतो; त्याच्या मागे दुसरा प्रसंग आहे, आणि तोच या प्रसंगाचे उत्तर आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. कोणत्याही चांगल्या संग्रहालयात कागदावरील चित्रांसाठी प्रकाश सुमारे 50 लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आणि हवेतील आर्द्रता साधारण निम्म्यावर ठेवण्याचा प्रयत्न होतो, कीटकांचा बंदोबस्त होतो, आम्ल नसलेले पुठ्ठे वापरले जातात. या सर्व सोपस्कारांनी कागद आणि रंग टिकतात. पण ज्या पोथीची कथा सांगणारा कोणीच त्या खोलीत नाही, तिचे जतन झाले असे म्हणायचे असेल तर आपण 'जतन' या शब्दाचा अर्थ फारच लहान केला आहे.

पिंगुळीतील उत्तर

दुसऱ्या टोकाला गुढीपूरची वस्ती आहे. तेथील परशुराम आत्माराम गंगावणे यांनी आपल्या घराचा गुरांचा गोठा रिकामा करून 2006 मध्ये 'ठाकर आदिवासी कला आंगण' या नावाने संग्रहालय उभे केले. आपल्या घराण्यातील चित्रे, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या, वाद्ये हे सर्व त्यांनी तेथे मांडले आणि येणाऱ्यांसमोर कथा सांगण्याचा परिपाठ सुरू ठेवला. त्यांच्या कार्याची दखल म्हणून 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संस्था सरकारी नव्हे, विद्यापीठाची नव्हे. ज्यांची कला त्यांनीच चालवलेली, हे तिचे खरे वैशिष्ट्य आहे.

गोठ्याचे संग्रहालय झाले ही बातमी वर्तमानपत्रांना आवडणारी आहे आणि ती कौतुकाने छापलीही गेली. माझ्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या ठिकाणी पान भिंतीवरून उतरवून फळीवर ठेवता येते, कारण ते उतरवण्याचा अधिकार असलेला आणि उलटल्यावर काय म्हणायचे ते ठाऊक असलेला माणूस त्याच घरात राहतो. पुण्यात ज्या गोष्टीचा अभाव आहे तीच येथे मुबलक आहे.

अडचण आहे ती हवेची. सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता सतत ऐंशी टक्क्यांच्या वर असते. कागदावर बुरशी धरण्यासाठी साधारण पासष्ट टक्क्यांच्या वरची आर्द्रता काही दिवस टिकली तरी पुरते. त्यातून ही पाने खळीने किंवा डिंकाने पाठीला पाठ चिकटवलेली, म्हणजे कसर आणि वाळवी यांना मेजवानीच. दगडी व वनस्पतिजन्य रंग डिंकात कालवलेले असतात. ओल लागली की रंग सैल होतो आणि चवडीत एकमेकांवर ठेवलेली पाने परस्परांना चिकटतात. अशी चिकटलेली पाने घाईने ओढून सोडवली तर एका चित्राचा डोळा दुसऱ्या चित्रावर निघून येतो. हे नुकसान पुन्हा भरून काढता येत नाही. सततच्या वातानुकूलनाचा खर्च खेड्यातील घरगुती संग्रहालयाला झेपणारा नाही, आणि वीज मधूनमधून जाणाऱ्या ठिकाणी वातानुकूलन चालू-बंद होत राहिले तर ते नसण्यापेक्षा अधिक अपायकारक ठरते, कारण कागदाला स्थिर ओलीपेक्षा ओलीतील चढउतार जास्त सोसावे लागतात.

येथे जुन्या पद्धतीकडे थोडे आदराने पाहावे लागते. पोथी कापडात घट्ट बांधून कोरड्या, धुराच्या जागी ठेवणे, तिच्यात वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला घालणे हे उपाय कोकणातील घरांत सर्वच पोथ्यांसाठी केले जात. परंतु त्याहून मोठा उपाय प्रयोगाच्या वेळापत्रकातच होता. देवळांतील कथांचा हंगाम नवरात्रात येई, म्हणजे नेमका पावसाळा ओसरल्यावर. वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ संपल्याबरोबर पोथी सोडली जाई, प्रत्येक पान हाती घेतले जाई, त्याला वारा लागे, आणि कोठे कसर लागली आहे, कोठे रंग उडाला आहे हे ज्याला त्याची सर्वाधिक काळजी त्याच्याच नजरेला पडे. खराब झालेले पान पुन्हा काढून पोथी पुरी केली जाई. आजच्या संग्रहालयांच्या भाषेत ज्याला वार्षिक स्थिती-तपासणी म्हणतात ती येथे धर्मकृत्याच्या अंगाने आपोआप होत होती. प्रयोग थांबले तेव्हा मनोरंजनाचे एक साधन गेले असे आपण समजतो. वस्तुतः कागदाची निगाही त्याच दिवशी थांबली.

प्रश्नाची खरी गाठ

जीर्ण झालेली पूज्य वस्तू पाण्यात सोडायची ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे. मूर्ती, पोथी, देवाचे टाक यांच्याबाबत ती पाळली जाते आणि चित्रकथीची पोथी ही तिच्या धन्याच्या लेखी पूज्यच असते. परंपरेच्या दृष्टीने पान नश्वर आहे, कथा टिकाऊ आहे, आणि नवे पान काढता येणे हीच कथा टिकल्याची खूण आहे. संग्रहालयाच्या दृष्टीने याच्या उलट आहे : जुने पान अमूल्य, नवे पान म्हणजे नक्कल. या दोन दृष्टींत कोण बरोबर असा निवाडा करण्याचा हट्ट सोडला तरच पुढे जाता येते, कारण दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराचा हात नव्या पानात उतरत नाही, ही वस्तुस्थिती आहे. केवळ जुनी पाने ठेवून नवी काढणे बंद केले तर काही वर्षांत पाने आहेत आणि वाचणारा नाही अशी अवस्था येते, हीसुद्धा वस्तुस्थितीच आहे. पुण्याच्या संग्रहातील चित्रे तिचा पुरावा आहेत.

या गाठीत तिसरा धागा बाजाराचा आहे. आज चित्रकथी शैलीतील नवी चित्रे विकली जातात ती भिंतीवर लावण्यासाठी, सुटी. कलावंताच्या घरात त्यातून पैसा येतो आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु सुट्या विक्रीचा परिणाम विषयांवर होतोच. दिवाणखान्यात गणपती किंवा राधाकृष्ण कोणीही लावील; इंद्रजिताचे शिर तुटून पडल्याचा प्रसंग कोण लावणार? वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताने तिला जगभर नेले आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे एक चित्र स्वतःपुरते पूर्ण असते, म्हणून सुट्या विक्रीने त्या कलेचा गाभा दुखावला गेला नाही. चित्रकथीचे तसे नाही. सावंतवाडीच्या गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचे, उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथील राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी, ही कला जाणणाऱ्या पुंडलिक चितारी यांना हाताशी धरून, राजवाड्यातच ती पुन्हा उभी केली आणि 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथेही दशावतारी गंजिफाचा डाव 120 पानांचा असतो. डाव पुरा असला तर खेळ, सुटी पाने असली तर शोभेची वस्तू. फरक इतकाच की गंजिफा आता फारसे कोणी खेळत नाही हे सर्वांनी मान्य केले आहे. चित्रकथीच्या बाबतीत कथा सांगणारी माणसे अजून आहेत, म्हणून तेथे हार मानण्याचे कारण नाही.

काय करता येईल

माझे म्हणणे असे की नोंदणीचे आणि संरक्षणाचे एकक 'पोथी' असले पाहिजे, 'चित्र' नव्हे. हा बदल कागदोपत्री वाटला तरी त्याचे परिणाम दूरवर जातात. पोथी हे एकक मानले की नोंदीत पानांचा क्रम लिहावा लागतो, दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाच क्रमांकाखाली घ्यावी लागतात, कोणते पान मूळचे आणि कोणते नंतर भरलेले हे सांगावे लागते, आणि मुख्य म्हणजे कथेकऱ्याशिवाय नोंद पुरीच होत नाही. पान दोन बाजूंनी दिसेल अशी उभी काचेची चौकट बनवणे हे कोणत्याही सुताराच्या आवाक्यातले काम आहे, त्यासाठी परदेशी तंत्रज्ञ आणण्याची गरज नाही. क्रमांक पानावर शाईने घालू नये, कडेला मऊ शिसपेन्सिलीने घालावा, हे सांगण्याची वेळ खरे तर येऊ नये. पण जुन्या संग्रहांतील चित्रांच्या ऐन मध्यभागी उमटवलेले जांभळे शिक्के ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगणे अनाठायी वाटणार नाही.

ध्वनिचित्रमुद्रणाबाबत एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. पर्यटकांसमोर होणारे निवेदन हे स्वभावतः आटोपशीर असते. त्यात मोजकी पाने आणि नेमकी गाणी येतात. कित्येकदा अशा छोट्या प्रात्यक्षिकाचे मुद्रण करून ते 'दस्तऐवजीकरण' म्हणून जमा केले जाते. रात्रभर चालणाऱ्या आख्यानात कथेकरी कोठे थांबतो, कोठे श्रोत्यांपैकी कोणाला उद्देशून टोमणा मारतो, कोणत्या पानावर रेंगाळतो आणि कोणते भराभर उलटतो, हीच खरी विद्या आहे, आणि ती छोट्या प्रात्यक्षिकात येत नाही. म्हणून मुद्रण पूर्ण आख्यानाचे, शक्य तर देवळात, समोर गावचे श्रोते असताना व्हावे, आणि ते पानागणिक कापून त्या त्या पानाच्या नोंदीला जोडावे. एकच आख्यान दोन कुटुंबांत वेगळे सांगितले जात असेल तर दोन्हींचे मुद्रण करावे; त्यातून 'शुद्ध' पाठ काढण्याच्या फंदात पडू नये.

वापरातील पोथी आणि जपणुकीतील पोथी वेगळ्या करणे हा त्यापुढचा टप्पा आहे. जुनी पोथी विश्रांतीला जाईल आणि तिच्या आधाराने त्याच घरातील चित्रकार नवी, पूर्ण पोथी काढील, जी फळीवर उभी राहील. हे काम मानधन देऊन करवून घेतले पाहिजे, आणि मानधन चित्रागणिक न देता पोथीगणिक दिले पाहिजे, म्हणजे इंद्रजिताचेही चित्र निघेल. कोवळा चितारी तीस-चाळीस प्रसंग क्रमाने काढतो तेव्हा त्याला कथा आपसूकच पाठ होते. शिकवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

जुनी पाने साफ करावीत का, हा प्रश्न येथे हटकून निघतो. प्रयोगांत फिरलेल्या पानांच्या कडा बोटांच्या तेलाने आणि दिव्याच्या काजळीने काळवंडतात. बुरशी आणि कीटकांची विष्ठा काढलीच पाहिजे, कारण ती पसरते. मात्र कडेचा काळपटपणा हा वापराचा पुरावा आहे. पान कोणत्या हाताने धरले जाई, किती धरले जाई, कोणता प्रसंग अधिक वेळा दाखवला गेला हे त्यातून कळते. तो पुसून पान 'नव्यासारखे' करण्याचा मोह टाळावा. चिकटलेली पाने आणि उडणारे रंग यांना मात्र घरगुती उपाय करू नयेत. ते काम कागदाच्या संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे आहे, आणि अशा माणसाने पाने प्रयोगशाळेत नेण्यापेक्षा वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, गावी येऊन घरच्या मंडळींबरोबर पोथ्या सोडून पाहाव्यात हे अधिक सोयीचे आहे. वेळ नवरात्राची धरली तर जुन्या वेळापत्रकाला कोणताही धक्का लागत नाही.

मालकी आणि कायदा

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, 1972 हा 5 एप्रिल 1976 पासून अमलात आला. त्याप्रमाणे शंभर वर्षे पुरी झालेली कलावस्तू पुरावशेष ठरते आणि अशा वस्तूची खासगी निर्यात करता येत नाही. ज्या प्रकारच्या वस्तूंची नोंदणी सक्तीची केलेली आहे त्यांत कागदावरील चित्रे येतात. म्हणजे ज्या कुटुंबाकडे शंभर वर्षांहून जुनी पोथी आहे त्याने ती नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रासह नोंदवणे अपेक्षित आहे. हे खेड्यातील कुटुंबांपर्यंत नीट पोहोचलेले नसते, आणि पोहोचले तरी 'नोंदवले तर सरकार घेऊन जाईल' ही भीती आड येते. वास्तविक नोंदणीने मालकी जात नाही. उलट पोथी चोरीला गेली किंवा कोणी फसवून नेली तर ती आपली असल्याचे सांगायला हाच कागद उपयोगी पडतो. तालुक्याच्या पातळीवर एखाद्या अनुभवी संग्रहालय-कर्मचाऱ्याने वस्तीत बसून अर्ज भरून दिले तर हे काम थोड्या दिवसांत उरकेल. येथेही अर्ज पोथीवार भरावा आणि प्रत्येक पान तिच्या पोटनोंदीत यावे.

मालकी कुटुंबाकडेच राहावी असे मला वाटते. मोठ्या संग्रहालयाने ठेव म्हणून पोथी घ्यावी, लेखी करार करावा, आणि नवरात्रात किंवा कुटुंबाने मागेल त्या वेळी ती पाहण्याचा व तिच्यासमोर पूजा करण्याचा हक्क करारातच लिहून द्यावा. संग्रहालयांना ही अट गैरसोयीची वाटेल. परंतु जी वस्तू देणाऱ्याला पुन्हा डोळ्यांनी पाहता येत नाही ती तो सहसा देत नाही, आणि देतो तेव्हा पैशाच्या अडचणीत सापडून दलालाला देतो. दलालाकडे गेलेली पोथी सुट्या पानांची होते, कारण सुटी पाने विकायला सोपी पडतात.

राहता राहिला पुण्याच्या संग्रहातील चित्रांचा प्रश्न. ती पिंगुळीला परत द्यावीत असे मी म्हणणार नाही. त्यांतील सर्वच चित्रे पिंगुळीच्या परंपरेतील आहेत असे गृहीत धरता येत नाही. देशावरील चित्रकथींचीही परंपरा होती, आणि जेथे ती सांगणारे उरले नाहीत तेथे हीच चित्रे तिचा एकमेव अवशेष आहेत. मात्र या चित्रांच्या दोन्ही बाजूंची चांगली छायाचित्रे, मूळ आकारात छापून, पिंगुळीच्या जुन्या कथेकऱ्यांसमोर मांडता येतील. कोणती पाने एका आख्यानाची, कोणते आधी आणि कोणते नंतर, मधली कोणती हरवलेली, हे त्यांनी सांगावे, आणि जेथे त्यांना पान ओळखू येणार नाही तेथे 'ही आमची कथा नव्हे' हेही नोंदवावे. ती नोंद पैठण की पिंगुळी या वादात कोणत्याही शैलीविषयक तर्कापेक्षा अधिक वजनाची ठरेल. या कामाला छपाईचा खर्च, काही दिवसांची सवड आणि दोन्ही संस्थांच्या पत्रव्यवहारापलीकडे फारसे काही लागत नाही. त्याची घाई आहे ती मात्र कागदामुळे नाही, तर कथा मुखोद्गत असलेल्या माणसांच्या वयामुळे.